टाकणारी कुठे होती?

तीर्थस्वरूप ताईंच्या चरणी धाकट्या जावेचा साष्टांग नमस्कार.

(इतर लोक पत्रात साष्टांग हा शब्द नुसता लिहितात. मी तो परदेशात, पाच पंचांच्या समोर, टाचेपासून टाळूपर्यंत घालून आले आहे. फक्त उताणा. आणि कुणी ढकललेलं नसताना. ते कसं झालं तेच सांगायला हे पत्र.)

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? आणि तुमची बारमाही सर्दी? ती बरी झाली नसेल अशी आशा करते. थोरल्या जावेला असं कुणी लिहीत नाही हे मला कळतं, पण पुढचं वाचलंत की पटेल. भाऊजींची पाठ काय म्हणते? नव्या गावचं पाणी मानवलं का? यांनी काही विचारायला सांगितलेलं नाही. (हे वाक्य यांनीच सांगितलंय. मी लिहायला बसल्यापासून हे कात्री शोधायला सारखे खोलीत येताहेत. कात्री यांच्याच खिशात आहे.) इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे जेवतो, झोपतो, गाद्या शिवतो आणि लागेल तेवढंच बोलतो. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हो', 'बरं', 'असू दे' करता, कारण तुमच्या शेजारी भाऊजी बसलेले असतात. आणि मीही 'हो', 'बरं' करते, कारण माझ्या शेजारी हे. दोन 'बरं'च्या मध्ये माझी एवढी मोठी फजिती मावायची नाही, म्हणून लिहायला घेतलं.

बातमी तुमच्या वाचनात आली असेलच. जागतिक ज्युदो स्पर्धेत आपल्या संघाने सर्वांची मनं जिंकली, असं छापून आलंय. ताई, मनं जिंकली असं छापून आलं की समजावं, दुसरं काहीही जिंकलेलं नाही. खाली फोटो आहे त्यात मधोमध मॅनेजरसाहेब आहेत, त्यांच्या मागे गोदामचा खांदा आहे, आणि त्या खांद्यामागून जो अर्धा कान दिसतो तो माझा. (गोदाम म्हणजे आपला सगळ्यात वजनदार गटातला खेळाडू. तुम्ही गेल्यानंतर संघात आला. स्वभावाने गाय आहे.) तुम्ही बातमी कापून ठेवली असेल तर कृपा करून फेकून द्या. ठेवली नसेल तर का नाही ठेवली, तेही कळवा.

आता तुम्हाला सगळं माहीत असलं तरी मी सुरुवातीपासून सांगणार आहे. तुम्हाला कळावं म्हणून नाही, मला आठवायला बरं वाटतं म्हणून. ज्युदोचे मास्तर पहिल्यांदा आपल्या गाद्यांच्या कारखान्यात आले तो दिवस डोळ्यांसमोर आहे. मला या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांना व्यायामशाळेसाठी जाड गादी हवी होती, आणि ते भाऊजींना सारखं विचारत होते, की यावर माणूस जोरात आपटला तर त्याला लागणार नाही कशावरून? भाऊजी त्यांना काथ्याचे प्रकार समजावून सांगत होते, हे टाक्यांचे प्रकार समजावून सांगत होते, आणि दोघांचं मिळून मास्तरांना काहीच समजत नव्हतं. तुम्ही आतून हात पुसत आलात, माझी बाही धरलीत, कंबरेला हात घातलात आणि मला त्या गादीवर आपटलंत. 'लागलं का गं?' विचारलंत. मी पडल्या पडल्याच नाही म्हटलं. झालं, गादी राहिली बाजूला, मास्तर आपल्याकडेच बघत बसले. म्हणाले, बाईंनी टाकलं छान, पण या धाकट्या बाई ज्या पडल्या तसं पडायला माझ्या पोरांना दोन-दोन वर्षं लागतात. ताई, माझं आयुष्यात झालेलं ते पहिलं कौतुक. माझ्या माहेरी मी अभ्यासात पडायची, जिन्यावरून पडायची, पण त्याचं कौतुक करणारं कुणी भेटलं नव्हतं.

त्यानंतर सगळ्या गावाने आपल्याला नावं ठेवली. जावाजावांचं पटत नाही हे ऐकलं होतं, पण रोज संध्याकाळी पांढरा पोशाख करून, एकमेकींना वाकून नमस्कार करून, मास्तरांच्या देखरेखीखाली एक जाऊ दुसरीला उचलून आपटते, हे कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बायका मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायच्या, घरी काही त्रास आहे का. मी कसं सांगणार की दिवसभरात माझ्याकडे कुणी नीट लक्ष देत असेल तर ते त्याच वेळी. जोडीच्या प्रात्यक्षिकात हरणं-जिंकणं नसतं, एकीने टाकायचं आणि दुसरीने पडायचं, ठरलेल्या डावांनी, ठरलेल्या क्रमाने. लोकांना वाटतं, पडणारीला काय येतं त्यात? पण पडणारी चुकली तर टाकणारीच्या डावाला काडीचा अर्थ राहत नाही. आधी पडली तर नाटक होतं, उशिरा पडली तर ओढाताण. बरोबर त्या क्षणी पडायचं तर टाकणारीचा श्वास माहीत असावा लागतो. मला तुमचा श्वास माहीत नव्हता, ताई, मला तुमचं नाक माहीत होतं. डाव टाकायच्या आधी तुम्ही नाक वर ओढायचात. बारीकसं, सुर्र. मास्तरांनी ती सवय मोडायला काय काय केलं! वाफ दिली, काढे दिले, नाकाला चिमटा लावून सराव घेतला (त्या दिवशी तुम्ही तोंडाने श्वास घेत होतात आणि मी एकदाही वेळेवर पडले नाही). शेवटी त्यांनी हात टेकले. पंचांना ऐकू येत नाही ना, मग असू दे म्हणाले. पंचांना नाही यायचं, मला यायचं. सुर्र झालं की माझे पाय आपोआप जमीन सोडायचे, डोक्याला विचारायचेसुद्धा नाहीत. त्या सुर्रवर आपण देशात पहिल्या आलो आणि परदेशी जायला निवडल्या गेलो.

आणि नेमकं तेव्हाच दोघा भावांना काथ्या बरा की फोम बरा हा प्रश्न पडला. दुष्काळात तेरावा महिना! मला तो वाद अजून नीट सांगता येत नाही. वसतिगृहाच्या गाद्यांचं काम आलं, भाऊजी म्हणाले फोम घालू, हे म्हणाले बाबांनी जन्मभर काथ्या घातला, तिथून गाडी लहानपणी कुणाची सायकल कुणी मोडली तिथवर गेली, आणि तिथून कुणालाच परतीची वाट सापडली नाही. तुमचं सामान टेम्पोत चढवताना एक भाऊ पुढच्या दारात उभा, दुसरा मागच्या दारात, आणि आपण दोघी मधल्या खोलीत चादरींच्या घड्या घालतोय. आठवतं? तुम्ही दोन टोकं धरलीत, मी दोन धरली, आपण जवळ आलो, लांब गेलो, पुन्हा जवळ आलो. एवढ्या घड्या घातल्या की शेवटी धुवायच्या चादरीसुद्धा घडी होऊन बसल्या. आता मी चादरीचं एक टोक दाराच्या कडीला बांधते. कडी जवळ येत नाही, मलाच तिच्याकडे जावं लागतं. गाद्यांच्या खोळी उलटवायचं काम तर एकटीने होतच नाही. मी खोळीच्या आत शिरते आणि आतून तुम्हाला हाक मारते, आणि मग आठवतं. परवा हे तिथेच होते. मी खोळीतून 'ताई, धरा' म्हटलं, तर यांनी दुसरं टोक धरलं. मी बाहेर आले तेव्हा दोघंही एकमेकांकडे न बघता कामाला लागलो.

असो. मूळ मुद्द्यावर येते. (मूळ मुद्दा सोडून मी भलतीकडे जाते, असं तुम्ही नेहमी म्हणता. हल्ली म्हणायला कुणी नाही, म्हणून फार लांब जाते.) तुमच्या जागी मास्तरांनी मला एक डॉक्टरीण जोडीला दिली. दातांची. वयाने आपल्यापेक्षा बरीच लहान, अंगाने चपळ, गुणांची खाण, आणि मला तिच्यात एकही दोष सापडला नाही याचा मला फार राग येतो. तिला सगळे डाव पुस्तकात असतात तसे येतात. पण पेशंटची सवय सुटत नाही. मला उचलायच्या आधी ती हळूच म्हणते, 'काकू, जरासं दुखेल हं.' आणि खाली ठेवते. टाकत नाही ताई, ठेवते, काचेची बरणी फडताळात ठेवावी तशी. मग वाकून 'दुखलं नाही ना?' विचारते. मी तिला सांगून थकले की बाई, मला आपट, मी आपटून घेण्यासाठीच जन्माला आले आहे. पालथ्या घड्यावर पाणी. बरं, तिचं नाक कसं, तर आरशासारखं स्वच्छ. आवाजच नाही. मी आपली कान टवकारून उभी, ती डाव टाकून मोकळी, आणि मग मी घाईघाईने पडतेय. मास्तर म्हणायचे, तुम्ही पडत नाही, तुम्ही उशिराची गाडी पकडता.

अशा तयारीनिशी आपला संघ निघाला. सगळ्यांचे निळे पोशाख मॅनेजरसाहेबांनी शिवून घेतले होते, आणि माप काय दिलं म्हणाल तर गोदामचं, कारण मोठं घातलं तर लहानाला बसतं, लहान घातलं तर मोठ्याला बसत नाही, असा त्यांचा हिशेब. विमानतळावर आम्ही ओळीने निघालो तेव्हा कुणी तंबू चालत नेतंय असं वाटत असणार. माझ्या बाह्या मी इतक्या दुमडल्या होत्या की हात कोपरापाशी फुगले होते. उतरायचं ठिकाण चांगलं होतं. खोलीत शिरल्या शिरल्या मी काय केलं असेल ते तुम्हाला सोडून कुणाला सांगता येणार नाही: चादर काढली, गादी उचलली, शिवण पाहिली, चारी कोपरे दाबले. डॉक्टरीणबाई बॅग हातात धरून बघत राहिल्या. त्यांना वाटलं मी ढेकूण शोधते आहे, आणि त्यांनी लगेच खाली फोन करून तक्रार केली. वर आलेल्या माणसाला भाषा येईना, मला त्याची येईना, तेव्हा मी त्याला खुणेने सांगितलं की गादी उत्तम आहे, कोपऱ्यांना टाके घट्ट आहेत, करणाऱ्याचे हात चांगले आहेत. त्याने ते सगळं नीट ऐकलं आणि गादी बदलून दिली. (गादी फोमची होती. झोप अशी लागली की काय सांगू. हे भाऊजींना सांगा. यांना मी सांगितलेलं नाही.)

आपल्या संघाची कामगिरी थोडक्यात आटपते, कारण ती थोडक्यातच आटपली. पहिल्या दिवशी आपले हलके गट संपले, दुसऱ्या दिवशी मधले. मॅनेजरसाहेब प्रत्येक हरलेल्या पोराला सांगत होते की समोरचा पुढे जाऊन पदक घेणार, म्हणजे तू पदकवाल्याकडून हरलास. समोरचा पुढच्याच फेरीत हरायचा. मग साहेब म्हणायचे, त्याला आपण दमवलं होतं. सगळ्यांची आशा गोदामवर होती. गोदाम आत गेला तेव्हा बाकांवरची परदेशी माणसंसुद्धा सरळ बसली. त्याने वाकून नमस्कार केला, समोरच्याने केला, साहेबांनी फोटोसाठी मोबाईल वर धरला, आणि फोटोत आले ते गोदामच्या पायांचे तळवे. दणका असा बसला की आमच्या बाकाखालच्या पाण्याच्या बाटल्या लवंडल्या. बाहेर येऊन तो माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, 'काकू, गादी चांगली आहे.' मला त्याचं फार वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, बाबा, पडल्यावर ज्याला गादी कशी आहे ते कळतं, त्याचं काही वाईट व्हायचं नाही. (हे वाक्य मला तेव्हा सुचलं. याचा अर्थ काय ते मला आताही माहीत नाही.)

आता माझं. जोडीच्या प्रात्यक्षिकाला एवढा मोठा हॉल गप्प होतो हे मला माहीत नव्हतं. कुस्तीसारखा आरडाओरडा नाही, टाळ्या नाहीत, पांढरीशुभ्र जागा, समोर खुर्च्यांवर ओळीने पाच पंच. मधले पंच वयस्कर, गोल चेहऱ्याचे, हातात घडी केलेला रुमाल. त्या रुमालाकडे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं. आम्ही नमस्कार केला. पहिले दोन-तीन डाव बरे गेले म्हणायचे. डॉक्टरीणबाई 'जरासं दुखेल हं' म्हणत ठेवत होत्या, मी त्यांच्या ओठांकडे बघून पडत होते (ही युक्ती मास्तरांची). मग त्या मागे सरकल्या, कॉलर नीट करायला थांबल्या, मी माझ्या जागेवर उभी राहिले, आणि हॉलमध्ये चिडीचूप असताना मधल्या पंचांनी नाक वर ओढलं.

सुर्र.

ताई, तुमची शपथ, मी काहीही केलं नाही. पाय आपोआप सुटले. असं पडणं मी तुम्ही गेल्यापासून पडले नव्हते, अंग पिसासारखं वर गेलं, पाठ गोल, हात सपाट, गादीवर हाताची थाप अशी बसली की मागच्या भिंतीवरून तिचा आवाज परत आला. आणि डॉक्टरीणबाई माझ्यापासून चांगल्या चार पावलांवर, दोन्ही हात स्वतःच्या कॉलरला! कुणाला काही कळेना. बाकांवरच्या एका माणसाला हाच डाव वाटला, त्याने टाळी वाजवली. आणि मी काय करत होते सांगू? मी पडल्या पडल्या हसत होते. डोळे मिटलेले. आता तुम्ही वाकणार, बाही सोडणार आणि ओठ न हलवता म्हणणार, ऊठ गं, अजून बाकी आहे. क्षणभर मला खरंच वाटलं, तुम्ही आलात. कशा आलात, कुणी येऊ दिलं, गुडघ्याचं काय, असले प्रश्न मनातसुद्धा आले नाहीत. आलात एवढंच. डोळे उघडले तर वर दिवे होते.

उठले. लाज गिळून जागेवर उभी राहिले. पडले तरी नाक वर म्हणतात, तसं माझं नाक वर होतं, पण घात पंचांच्या नाकाने केला. त्या सभ्य गृहस्थाने रुमाल उचलला, मला बरं वाटलं, आणि शिंकरायच्या ऐवजी त्याने तो पुन्हा मांडीवर ठेवून दुसऱ्यांदा ओढलं. मी दुसऱ्यांदा पडले. या वेळी टाळी वाजवणारा माणूसही गप्प राहिला. मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला, तो आम्ही बाहेर येईपर्यंत काढला नाही. बाकीचे डाव आम्ही पुरे केले कसेतरी. एका जोडीतली पडणारी मधेच पाय मुरगळून बाहेर गेली, म्हणून आम्ही शेवटून पहिल्या न येता दुसऱ्या आलो. ही ती कामगिरी, जिने मनं जिंकली.

पण मला लागलं ते पडल्यामुळे नाही. सगळं झाल्यावर ते मधले पंच स्वतः मास्तरांकडे चालत आले, सोबत दुभाषी घेऊन. मला वाटलं आता कानउघाडणी होणार. त्यांनी आधी माझ्याकडे बघून मान लववली. म्हणाले, ते दोनदा पडणं फार सुंदर होतं, इतकं खरं पडणं या स्पर्धेत दुसरं कुणी पडलं नाही. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, की पण टाकणारी कुठे होती? मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुभाष्याकडे पाहिलं. सांगता आलं असतं की टाकणारी इकडे आमच्याच देशात, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे, तिचा नवरा फोमच्या गाद्या करतो, आणि आम्ही एकमेकींना फोनवर 'बरं' म्हणतो. मी म्हटलं, सर्दी झालीय का तुम्हाला, आलं घालून गरम पाणी घ्या. दुभाष्याने ते सांगितलं की नाही, कोण जाणे. मग मी कपडे बदलायच्या खोलीत गेले, गोदामच्या मापाचा तो निळा अंगरखा डोक्यावरून घेतला आणि आत बसून पोटभर रडले. आतमध्ये जागा भरपूर होती.

तिथे डॉक्टरीणबाई आली. माझ्या मनात आलं, आता ही विचारणार दुखलं का. तिने नाही विचारलं. शेजारी बसली, म्हणाली, 'काकू, मला तुम्हाला टाकता येत नाही. मी समोर उभी असते आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत असता.' चिडून नाही म्हणाली. माझे हात धरून म्हणाली. पोरगी गुणाची आहे, तिला चांगली जोडीदारीण मिळू दे. मी तिला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, आणि तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, की इतक्या वर्षांत त्यांची सर्दी कुणी नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवली नाही का? शिकलेली माणसं कुठे काय विचारतील सांगता येत नाही.

मला तुमची फार आठवण येते, ताई. घरात जागा वाढली आहे आणि तिचं काय करायचं कळत नाही. मला टाकणारं कुणी नाही म्हणून मी रडत नाही. पडल्यावर वाकून बघणारं कुणी नाही, हे दुःख. हे आता पाणी मागायला आत आले होते, मी पत्रावर हात ठेवला, तर म्हणाले, मी काय वाचतोय का? मोठ्यांना नमस्कार लिही, एवढं म्हणाले. 'मोठ्यांना' म्हणाले, 'वहिनीला' नाही म्हणाले, हे आपलं मी तुम्हाला सांगते, अर्थ तुम्ही काढा. बाकी मला काही मागायचं नाही. गुडघ्याला जपा, भाऊजींच्या पाठीला शेक द्या, आणि माझ्या फजितीवर दोघं मिळून हसा. हसताना भाऊजी कोणत्या वाक्याला हसले, तेवढं लक्षात ठेवा.

तुमची सदैव उताणी,
धाकटी

ता. क. : जाताना तुमचं लांब दाभण इथेच राहिलं आहे. पाठवणार होते, पण टपालात कुणाला टोचेल. स्वतः येऊन न्यावं हे बरं.

ता. क. दुसरा : हा भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवावा. पुढच्या महिन्यात संघाची नवी निवड चाचणी आहे. मास्तरांनी निक्षून सांगितलंय की देशासाठी पहिली जोडी पुन्हा उभी राहिलीच पाहिजे. मी तुमचं नाव देऊन टाकलं आहे. हे घरगुती काम नाही, देशाचं काम आहे, तेव्हा यात काथ्या आणि फोम आणायचं कारण नाही. खेळाडूबरोबर घरचं एक माणूस यावं असाही नियम आहे. सरावासाठी आधी पंधरा-वीस दिवस येऊन राहावं लागेल. गुडघ्याचं मास्तर बघून घेतील.

ता. क. तिसरा : हा वाचून दाखवू नये. ताई, निवड चाचणी वगैरे काही नाही. जोडीचा प्रकार आपल्याकडून बंद झाला. आमच्याऐवजी पुढच्या वेळी आणखी एक गोदाम पाठवणार आहेत. परत आलो तेव्हा विमानतळावर मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांचेही डोळे भरले होते. नियमसुद्धा मीच केलेला आहे. पण दुसरं काय कारण सांगून तुम्हाला बोलावू? नुसतं 'या' म्हटलं तर दोघं भाऊ विचारणार, कशाला.

ता. क. चौथा : पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. चाचणीचं यांनाही मी तसंच सांगितलंय. यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. कालपासून यांनी वरची खोली स्वतः झाडायला घेतली आहे, खिडकीचा कडी-कोयंडा बसवला, आणि आज मला विचारलं, दादाला झोपायला उशी उंच लागते की बुटकी? मी आधी विचारच केला नाही. आता पाकीट चिकटवताना लक्षात आलं, की विमानतळावर मास्तर मला ते सांगत होते, तेव्हा मला घ्यायला आलेले हे माझी बॅग धरून माझ्या शेजारीच उभे होते. तेव्हा उशीचं तेवढं उलट टपाली कळवा.